राष्ट्रीय जीनोम प्रकल्प: राष्ट्र नमुन्यातून निघतं की नमुन्यात घातलेलं असतं?

तळटीप (धागाकर्ते)

गेल्या पंचवीसेक वर्षांत आइसलँड, एस्टोनिया, मेक्सिको, ब्रिटन, कतार, जपान, भारत अशा अनेक देशांनी आपापले जीनोम प्रकल्प, म्हणजे आपल्या लोकांचा डीएनए वाचण्याचे प्रकल्प, उभे केले. कागदोपत्री हेतू सगळीकडे एकच: रोगनिदान आणि औषधं. निकाल जाहीर होतो तेव्हा मात्र भाषा बदलते. ‘आमच्या लोकांचा नकाशा’, ‘आमचं मूळ’, ‘आमचा वारसा’. अर्जात लिहिलेलं आणि व्यासपीठावरून बोललेलं यात एवढा फरक का पडतो, यावर हा धागा आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. या प्रकल्पांना राष्ट्र ‘सापडत’ नाही. ते नमुने गोळा करण्याच्या नियमातून आधीच आत आलेलं असतं. यंत्र आणि गणित त्यानंतर येतं.

ब्रिटनमधला २०१५चा अभ्यास घ्या. २,०३९ माणसं, बहुतेक ग्रामीण भागातली. अट अशी की चारही आजी-आजोबा एकमेकांपासून ८० किलोमीटरच्या आत जन्मलेले हवेत. या आजी-आजोबांचं जन्मवर्ष सरासरी १८८५च्या आसपास येतं. म्हणजे रक्त एकविसाव्या शतकात काढलं, पण चित्र निघालं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचं. दोन महायुद्धं, वसाहतींतून आलेले लोक यांच्या आधीचं. त्यातून १७ गट दिसले. ऑर्कनी बेटं सर्वांत आधी वेगळी पडली, मग वेल्स. नैऋत्य इंग्लंडमधल्या कॉर्नवॉल आणि डेव्हन यांच्यामधली रेषा जवळपास जिल्ह्याच्या सीमेवर बसली. आणि ज्याला लोक ‘केल्टिक’ म्हणतात असा एकसंध गट मिळालाच नाही. कॉर्नवॉल, वेल्स, स्कॉटलंड, उत्तर आयर्लंड इथले लोक एकमेकांपेक्षा वेगळे निघाले.

अभ्यास उत्तम आहे. प्रश्न जुन्या स्थलांतरांचा असेल तर चाळणी अशीच हवी. पण बातमीत चाळणी गळते आणि ‘ब्रिटिश लोकांचा जनुकीय नकाशा’ एवढंच उरतं. ज्याची एक आजी ८१ किलोमीटरवर जन्मली तो नकाशात नाही, आणि ज्याची आजी दुसऱ्या खंडात जन्मली तो तर नाहीच.

दुसरं उदाहरण २००८चं. युरोपीय लोकांचे जीनोम दोन अक्षांवर मांडले की युरोपचा नकाशा उमटतो, हे ते गाजलेलं चित्र. सुरुवातीला ३,१९२ माणसं होती. आजी-आजोबा वेगवेगळ्या देशांतले असणं वगैरे कारणांनी गाळत गाळत चित्रात उरली १,३८७. त्या दोन अक्षांत एकूण फरकाचा किती हिस्सा होता? पहिल्यात ०.३० टक्के, दुसऱ्यात ०.१५ टक्के. अर्ध्या टक्क्याहून कमी फरकावर हा नकाशा उभा आहे. तो खोटा नाही. फक्त उरलेले साडेनव्व्याण्णव टक्के त्या चित्रात दिसत नाहीत.

---

बेरीजवजाबाकी

धागा चांगला आहे, पण ‘यंत्र आणि गणित त्यानंतर येतं’ हे वाक्य गणिताला फारच निर्दोष ठरवतं. विश्लेषणाच्या दर पायरीवर राष्ट्र आत शिरायला जागा असते. क्रमाने सांगतो.

पहिली पायरी सफाई. ज्या ठिकाणचा जनुकप्रकार पुरेशा लोकांत नीट वाचला गेला नाही ती ठिकाणं काढतात, साधारण ९८ टक्क्यांची अट असते. मग हार्डी-वाइनबर्ग समतोल तपासतात, म्हणजे जनुकप्रकारांच्या जोड्या अपेक्षित प्रमाणात दिसतात का ते, कारण समतोल बिघडणं हे पुष्कळदा वाचनातल्या चुकीचं लक्षण असतं. पण दोन वेगळे गट एकत्र ओतून ही चाचणी लावली तर चूक नसतानाही समतोल बिघडलेला दिसतो. याला वाहलुंड परिणाम म्हणतात. ज्या ठिकाणी गटांत सर्वाधिक फरक आहे नेमकी तीच ठिकाणं ‘खराब’ म्हणून फेकली जातात आणि देश होता त्याहून एकजिनसी दिसतो. उपाय सोपा आहे: चाचणी गटागटाने लावायची. पण ‘आपण सगळे एकच गट’ असं गृहीत धरलं असेल तर ते सुचणार कुठून?

दुसरी, नातेवाईक काढणं. नात्याचा गुणांक ०.०८८४च्या वर गेला की दुसऱ्या पायरीचं नातं धरतात आणि जोडीतला एक जण गाळतात. जिथे नात्यात लग्नं होतात किंवा समूहच लहान आहे तिथे ही कात्री भलतीच चालते. अशा समूहातून शंभर नमुने आणले तरी विश्लेषणात मोजकेच उरतात. मग ते ‘अपुरी संख्या’ म्हणून मोठ्या गटात मिसळले जातात.

तिसरी, जवळजवळच्या जनुकप्रकारांची छाटणी. शेजारचे प्रकार एकत्र वारशाने येतात, म्हणून ५० प्रकारांच्या खिडकीत सहसंबंध ०.२च्या वर असलेले काढायचे ही रूढ पद्धत. एवढ्याने भागत नाही. सहाव्या गुणसूत्रावरचा एचएलए हा प्रतिकारशक्तीचा भाग आणि आठव्यावरचा मोठा उलटलेला तुकडा हातानेच वगळावा लागतो. तो राहिला तर पीसीएचा (लोकांमधला फरक मोजक्या अक्षांवर मांडण्याची पद्धत, वरचं युरोपचं चित्र तिचंच) एखादा अक्ष लोकांचा इतिहास दाखवण्याऐवजी तो तुकडा कोणाकडे कसा आहे एवढंच दाखवतो. तीन ढग स्वच्छ वेगळे दिसतात आणि त्यांना ‘तीन मूळ वंश’ म्हणण्याचा मोह होतो.

चौथी आणि सर्वांत घातक: एका देशाचे नमुने एका चिपवर (जीनोममधल्या ठराविक जागाच वाचणारी पट्टी) आणि शेजारच्या देशाचे दुसऱ्या चिपवर. किंवा एकीकडे रक्त, दुसरीकडे लाळ. अशा वेळी पीसीए देशांच्या सीमेवर देखणा दुभंगतो, पण तो दुभंग प्रयोगशाळेचा असतो. ओळखायचं कसं? काही नमुने दोन्हीकडे चालवून बघायचे. तेच माणूस दोन ठिकाणी दोन ढगांत पडलं तर समजून जा. एटी आणि सीजी प्रकारची ठिकाणं (जिथे अक्षराच्या जागी त्याचंच जोडीदार अक्षर येतं) तर विलीनीकरणापूर्वी काढलेलीच बरी. डीएनएचा कोणता धागा वाचला यावर त्यांची अक्षरं उलटतात आणि उलटली आहेत हे कळतही नाही.

पाचवी, नमुन्यांची संख्या. पीसीएत ज्याचे नमुने जास्त तो गट अक्ष आपल्याकडे ओढतो. राजधानीभोवतीचे ५,००० आणि सीमाभागातले ५० असतील, तर सीमाभागातले लोक ‘मुख्य प्रवाहापासूनचं अंतर’ म्हणून दिसतात. संख्या समान करून पुन्हा चालवलं की चित्र हलतं.

---

आडवाटेचा

+१. यात रंगीत पट्ट्यांचं चित्र जोडा, म्हणजे प्रत्येक माणूस म्हणजे एक उभी पट्टी आणि तिच्यात रंगांचं प्रमाण. त्या विश्लेषणात किती ‘मूळ गट’ धरायचे हा आकडा, म्हणजे के, माणूस देतो. प्रणाली तेवढ्या गटांत सगळ्यांना वाटून टाकते. के पाच दिलं की पाच, सहा दिलं की सहा.

२००२चा प्रसिद्ध अभ्यास होता: १,०५६ माणसं, ५२ समूह, डीएनएवरच्या ३७७ खुणा. पाच गट दिल्यावर साधारण खंडांप्रमाणे वाटणी झाली आणि ‘वंश सिद्ध झाले’ असा गवगवा झाला. सहा दिल्यावर सहावा गट कोणता निघाला? पाकिस्तानच्या डोंगरातले कलाश. काही हजारांचा समूह. आता कलाश हा मानवजातीचा सहावा वंश आहे असं कोणी म्हणणार आहे का? लहान आणि दीर्घकाळ वेगळ्या राहिलेल्या समूहात योगायोगाने प्रमाणं झपाट्याने सरकतात आणि प्रणालीला तेच ‘शुद्ध मूळ’ वाटतं. त्याच अभ्यासात एकूण फरकापैकी ९३ ते ९५ टक्के फरक समूहांच्या *आत* होता. तो आकडा कुणाच्या लक्षात राहिला नाही.

राष्ट्रीय प्रकल्पांत याचंच छोटं रूप दिसतं. देशातल्या सर्वांत एकाकी समूहाला एक पूर्ण रंग मिळतो आणि बाकी सगळे ‘मिश्रण’ ठरतात. मग भाषणात तो समूह ‘मूळ’ होतो. वास्तविक तो मूळ असेल किंवा नसेल, पट्टीवरून ते ठरत नाही.

---

खलबत्ता

तुमची टीका मान्य, पण सगळे मिळून आंघोळीच्या पाण्याबरोबर बाळही फेकून देताय. राष्ट्रीय प्रकल्प वैद्यकीयदृष्ट्या लागतात आणि कारणं ठोस आहेत.

दुर्मीळ आजाराच्या मुलाचा जीनोम वाचला की संदर्भ जीनोमपेक्षा ४० ते ५० लाख ठिकाणी फरक मिळतो. त्यातून दोषी ठिकाण शोधताना पहिली गाळणी असते: हा फरक निरोगी लोकांत किती वेळा दिसतो? एक टक्का निरोगी लोकांत असेल तर तो दुर्मीळ आणि तीव्र आजाराचं कारण असण्याची शक्यता जवळपास नाही. पण ‘निरोगी लोक’ सगळे उत्तर युरोपातले असतील तर इतर कोणाच्याही बाबतीत ही गाळणी फाटकी ठरते. मायबीपीसी३ जनुकातला २५ अक्षरं गळालेला प्रकार दक्षिण आशियात सुमारे ४ टक्के लोकांत आहे आणि हृदयाच्या स्नायूच्या आजाराशी जोडलेला आहे. दुसऱ्या खंडाच्या माहितीसाठ्यात तो जवळपास दिसतच नाही.

फिनलंडमध्ये तीसहून अधिक दुर्मीळ आजार इतर ठिकाणांपेक्षा जास्त आढळतात, कारण थोड्या पूर्वजांपासून लोकसंख्या वाढली. आइसलँडमध्ये बीआरसीए२ या स्तनकर्करोगाशी जोडलेल्या जनुकातला एकच विशिष्ट बदल लोकसंख्येच्या पाऊण टक्क्याच्या आसपास लोकांत आहे. तिथे ‘देशाचा जीनोम’ हे नुसतं भाषण नाही, स्तनकर्करोगाच्या तपासणीचं धोरण त्यावर ठरतं.

शिवाय राष्ट्र हे एकक जीवशास्त्रामुळे निवडलं जात नाही. नोंदी, कायदा आणि पैसा यांमुळे निवडलं जातं. फिनलंडच्या प्रकल्पात पाच लाख लोक आले, त्याचं कारण जन्मापासूनचा ओळख क्रमांक आणि त्याला जोडलेल्या दवाखान्यांच्या, औषधांच्या नोंदी. जनुक वाचणं आता स्वस्त झालंय. महाग आहे ती माणसाची तीस वर्षांची आजारपणाची नीट नोंद.

---

तळटीप

खलबत्ता, शेवटचा परिच्छेद सोन्यासारखा. राष्ट्र ही *प्रशासकीय* सोय आहे हे प्रकल्प चालवणाऱ्यांना पक्कं माहीत असतं. घसरण होते ती सोयीचं नाव जैविक गटाला चिकटतं तेव्हा. फिनलंडचंच बघा: जगभर वापरल्या जाणाऱ्या एका मोठ्या जनुकप्रकार साठ्यात ‘फिनिश’ आणि ‘फिनिश नसलेले युरोपीय’ असे दोन स्तंभ आहेत. पोर्तुगालपासून पोलंडपर्यंतचे सगळे एका स्तंभात. सांख्यिकीच्या दृष्टीने बरोबर आहे, फिनलंडमधली प्रमाणं खरोखर सरकलेली आहेत. पण शब्द देशाचा आहे. फिनलंडमध्येच राहणारे सामी हे मूळनिवासी लोक त्या स्तंभात किती मोजले गेले, हा प्रश्न स्तंभाचं नाव वाचून कुणाला पडत नाही.

---

रेघोट्या

आइसलँड विषय निघालाच आहे तर तो नीट उलगडू या, कारण या सगळ्या प्रकल्पांचा नमुना तिथेच घडला.

१९९६ साली डीकोड ही खासगी कंपनी निघाली. डिसेंबर १९९८मध्ये संसदेने आरोग्य नोंदींचा राष्ट्रीय साठा करण्याचा कायदा केला. संमती गृहीत धरलेली, ज्याला नको त्याने कळवायचं. २०,०००हून अधिक लोकांनी कळवलं, आणि तेव्हाची लोकसंख्या पावणेतीन लाखांच्या आसपास होती. २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की मृत वडिलांच्या नोंदी साठ्यात जाण्याला मुलगी हरकत घेऊ शकते, कारण त्यांवरून *तिच्याबद्दल* अनुमान निघतं. तो साठा कधी उभाच राहिला नाही. कंपनीने मग संमती घेऊन नमुने जमवले, २००९ला दिवाळखोरीत गेली आणि २०१२च्या शेवटी अमेरिकेतल्या अ‍ॅमजेनने ४१.५ कोटी डॉलरला ती घेतली. ज्या साठ्याला ‘राष्ट्राचा ठेवा’ म्हटलं जात होतं त्याची मालकी अशी फिरली.

न्यायालयाचा मुद्दा पुढे तांत्रिकदृष्ट्या फार खरा ठरला. २०१५मध्ये २,६३६ लोकांचा पूर्ण जीनोम वाचलेला होता आणि १,०४,२२० लोकांचा चिपवरून. वंशावळी शतकानुशतकांच्या उपलब्ध. यावरून कधीच नमुना न दिलेल्या नातेवाइकांचाही जीनोम बराचसा अनुमानाने भरता येतो. बीआरसीए२चा प्रश्न तिथेच अडला: कोणाला धोका आहे हे कंपनीला ठाऊक असू शकतं, पण त्या व्यक्तीने विचारलेलं नाही. शेवटी २०१८मध्ये संकेतस्थळ उघडलं, ज्याला जाणून घ्यायचंय त्याने तिथे मागायचं.

आता राष्ट्रीयत्वाकडे. आइसलँडची स्वतःबद्दलची कथा म्हणजे नॉर्वेहून आलेले स्वतंत्र वृत्तीचे वसाहतकार. जनुकांनी काय सांगितलं? पितृवंशाकडून (वाय गुणसूत्र) बहुतांश स्कँडिनेव्हिया, पण मातृवंशाकडून साठ टक्क्यांच्या वर स्कॉटलंड-आयर्लंड. म्हणजे निम्मी कथा सांगायची राहिली होती आणि त्या बायका सगळ्या राजीखुशीने आल्या नसणार.

२०१८मध्ये जुन्या हाडांमधले २७ जीनोम वाचले तेव्हा अजून एक गोष्ट निघाली. आजच्या लोकांत नॉर्स वाटा ७० टक्क्यांच्या घरात, सुरुवातीच्या वसाहतकारांत मात्र सरासरी ५७. मधल्या हजार वर्षांत गेलिक, म्हणजे स्कॉटलंड-आयर्लंडकडचा, वाटा घटला. कारणं दोन-तीन संभवतात: गुलाम म्हणून आणलेल्यांना मुलं कमी झाली असतील, नंतर डेन्मार्कहून लोक आले. शिवाय लोकसंख्या इतकी लहान राहिली की साथी आणि दुष्काळांतून प्रमाणं नुसत्या योगायोगाने सरकली. आजचे आइसलँडर आपल्याच पूर्वजांपासून दूर गेलेत. ‘हजार वर्षं जसंच्या तसं जपलेलं रक्त’ ही जाहिरात त्याच देशाच्या हाडांनी खोडून काढली.

---

पाखरू

मेक्सिकोची गंमत उलटी आहे. तिथे राष्ट्राची अधिकृत कथाच *मिश्रणाची*: मेस्तिसो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून शाळेत हेच शिकवलं गेलं की युरोपीय आणि मूळनिवासी यांच्या मिलाफातून नवं राष्ट्र जन्मलं.

२००४ साली राष्ट्रीय जीनोम वैद्यक संस्था (इन्मेगेन) स्थापन झाली. २००९मध्ये पहिला मोठा निकाल आला. सहा राज्यांतले ३०० मेस्तिसो आणि तुलनेला झापोतेक या मूळनिवासी समूहातले ३० जण. राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते प्रकाशन. इथे चाळणी पाहा: नमुना देणाऱ्याने मेस्तिसो असणं ही *प्रवेशाची अट* होती आणि निष्कर्षही ‘मेक्सिकन जीनोम मेस्तिसो आहे’ असाच. पण त्याच आकड्यांत सोनोरा राज्यात युरोपीय वाटा सर्वाधिक आणि गेरेरोत सर्वांत कमी होता. म्हणजे ‘मेस्तिसो’ हा एक गट नव्हताच.

२०१४मध्ये हजाराहून जास्त लोक आणि २० मूळनिवासी समूह घेऊन पुन्हा बघितलं तर उत्तरेकडचे सेरी आणि दक्षिणेकडचे लाकांदोन यांच्यातला जनुकीय फरक युरोपीय आणि पूर्व आशियाई लोकांतल्या फरकाइतका निघाला. तीस झापोतेक या सगळ्यांचे प्रतिनिधी कसे होणार? आणि हा नुसता ओळखीचा वाद नव्हे. फुप्फुसाची क्षमता मोजताना ‘मेक्सिकन’ असा एकच मापदंड लावला तर तो चुकतो, कारण मूळनिवासी पूर्वज कोणत्या भागातले यावर क्षमता बदलताना दिसली.

२००८ला त्यांनी आरोग्य कायद्यात बदल करून ‘जनुकीय सार्वभौमत्व’ आणलं: लोकसंख्या-अभ्यासाचे नमुने परवानगीशिवाय देशाबाहेर न्यायचे नाहीत. हेतू समजण्यासारखा. व्यवहारात मात्र नळीतलं रक्त सीमेवर अडवता येतं, फाइल अडवणं अवघड. शिवाय ‘मेक्सिकोचा जीनोम’ नावाची मालमत्ता ठरवायची तर सीमेपलीकडच्या लाखो मेक्सिकन वंशाच्या लोकांचा जीनोम कोणाचा?

---

खलबत्ता

चीनचे नियम त्याहून कडक आहेत. १९९८पासून मानवी जनुकीय संसाधनांवर नियमन, १ जुलै २०१९पासून अधिक सक्त. ‘संसाधन’ हा शब्दच बोलका आहे, खनिजासारखा.

---

आडवाटेचा

चीनबद्दल त्याहून रंजक गोष्ट मूळ पुरुषाची आहे. बीजिंगजवळच्या झोउकौदियानला १९२०च्या दशकात ‘पेकिंग मानवा’चे अवशेष मिळाले. चिनी लोक तिथल्याच प्राचीन मानवापासून सलग उत्क्रांत झाले, ही कल्पना नंतर पाठ्यपुस्तकांत आणि राष्ट्राभिमानात घट्ट बसली.

२००१ला शांघायच्या संशोधकांचा पुढाकार असलेल्या चमूने ती तपासली. आशिया-ओशनियातल्या १६३ समूहांतले १२,१२७ पुरुष. वाय गुणसूत्रावर तीनच खुणा पाहिल्या. त्या तिन्हींचं मूळ आफ्रिकेत उगम पावलेल्या एकाच बदलात, एम१६८मध्ये. एखादा पुरुष जरी त्या तिन्हींपैकी एकही न बाळगणारा मिळाला असता तर स्थानिक प्राचीन वंशाला आशा होती. एकही मिळाला नाही.

ही पद्धत म्हणून सुंदर आहे, कारण प्रश्न खोटा ठरवता येईल असा मांडला होता. मर्यादाही सांगायला हवी: वाय गुणसूत्र ही फक्त बापाच्या बापाच्या बापाची एक रेघ. जुन्या मानवाशी थोडा संकर झाला आणि ती वाय रेघ पुढे संपली, तर या चाचणीत तो दिसणार नाही. २०१०नंतर निअँडरथल आणि डेनिसोव्हन या नामशेष मानवांचे अंश इतर गुणसूत्रांत सापडले ते असेच.

---

रेघोट्या

लेबनॉनही यादीत हवं. ‘आम्ही फिनिशियन (त्या किनाऱ्यावरचे प्राचीन दर्यावर्दी व्यापारी), अरब नव्हे’ हा तिथल्या काही ख्रिस्ती गटांचा जुना राजकीय दावा. २०१७मध्ये सिडॉनच्या सुमारे ३,७०० वर्षांपूर्वीच्या पाच सांगाड्यांचे जीनोम वाचले. आजच्या लेबनीज लोकांत त्या कनानी (फिनिशियनांच्या पूर्वजांच्या) वारशाचा वाटा ९० टक्क्यांच्या वर आला. ख्रिस्ती आणि मुसलमान दोघांतही! दावा ‘सिद्ध’ झाला आणि त्याच क्षणी निरुपयोगी झाला, कारण तो कोणाला वगळत नव्हता.

---

निमूट

भारताबद्दल कोणीच बोलत नाही. इथे राष्ट्र-कथा आणि जनुक यांचं काय?

---

बेरीजवजाबाकी

निमूट, भारताची अडचण वेगळी आहे. इथे धोका देश एकजिनसी दिसण्याचा कमी आणि जातीचं नाव जनुकाला चिकटण्याचा जास्त. म्हणून २००३पासून चाललेल्या भारतीय जनुकीय विविधता प्रकल्पात (५५ समूह, १,८७१ माणसं) समूहांची नावं छापलीच नाहीत, संकेत दिले. ‘आयई-एन-एलपी’ म्हणजे भारत-युरोपीय भाषा, उत्तर विभाग, मोठी लोकसंख्या, आणि पुढे क्रमांक. ‘आयपी’ म्हणजे एकाकी समूह. कलंक टाळणं हा हेतू योग्यच, पण किंमत अशी की दुसऱ्या अभ्यासाशी तोच समूह जुळवता येत नाही. आणि त्या समूहातल्या माणसालाही ‘हा आजार आमच्यात जास्त आहे’ हे कळायला मार्ग राहत नाही.

ते कळणं का महत्त्वाचं? २०१७च्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या २६३ समूहांपैकी ८१ समूहांत संस्थापक परिणाम, म्हणजे थोड्या पूर्वजांपासून समूह वाढल्याचा ठसा, फिनलंडपेक्षा तीव्र निघाला. त्यांतल्या १४ समूहांची लोकसंख्या दहा लाखांच्या वर. म्हणजे ज्या कारणाने फिनलंडला वेगळा स्तंभ मिळाला ते कारण इथे डझनावारी समूहांना लागू आहे. ‘भारतीय’ अशी एकच वारंवारता काढली तर एखाद्या समूहातला ३ टक्के वाहक असलेला दोष सरासरीत विरघळून जातो.

जीनोमइंडियाने जानेवारी २०२५मध्ये माहिती खुली केली तेव्हा ८३ समूह आणि ९,७७२ जीनोम होते. सरासरी काढली तर समूहामागे शंभर-सव्वाशे. एक टक्का वारंवारतेचा प्रकार दिसायला शंभर माणसं, म्हणजे २०० प्रती, पुरतात. त्याची वारंवारता *मोजायला* पुरत नाहीत. २०० प्रतींत अपेक्षित दोन, पण शून्य येण्याची शक्यता साधारण १३ टक्के.

आणि त्याआधी जग काय वापरत होतं? १००० जीनोम प्रकल्पातले दक्षिण आशियाई पाच समूह: ह्यूस्टनमधले गुजराती, ब्रिटनमधले तेलुगू, ब्रिटनमधले श्रीलंकन तमिळ, लाहोरचे पंजाबी आणि बांगलादेशातले बंगाली. एकही नमुना भारतात घेतलेला नाही!

---

पाखरू

हा पाच समूहांचा तपशील भारी आहे. ‘सार्वभौमत्वा’च्या घोषणेमागचं खरं दुखणं इथे कळतं.

---

आडवाटेचा

आता उलट्या दिशेचा वापर: शासन जनुकावरून नागरिक ठरवू बघतं तेव्हा.

ब्रिटनच्या सीमा विभागाने २००९मध्ये सोमालियाहून आल्याचं सांगणाऱ्या आश्रितांवर डीएनए आणि समस्थानिक (एकाच मूलद्रव्याची वेगळ्या वजनाची रूपं) चाचण्यांचा प्रयोग सुरू केला. कोण सोमाली आणि कोण शेजारच्या केनियातला, हे ठरवायला. शास्त्रज्ञांनी झोडपलं आणि २०११पर्यंत तो गुंडाळला. चूक दुहेरी होती. सोमाली भाषक लोक सीमेच्या दोन्ही बाजूंना राहतात, तेव्हा जनुकातून पासपोर्ट वाचता येत नाही. आणि केस-नखांतली समस्थानिकं गेल्या काही महिन्यांचा मुक्काम सांगतात, जन्मस्थान नव्हे.

कुवेतने २०१५ला बॉम्बस्फोटानंतर नागरिक, रहिवासी, पाहुणे सगळ्यांचा डीएनए सक्तीने घेण्याचा कायदा केला. तिथे नागरिकत्व मुख्यतः बापाकडून मिळतं आणि ‘बिदून’ म्हणजे कुठलंच नागरिकत्व नसलेल्यांचा प्रश्न मोठा आहे. साठा झाला असता तर पितृत्वाच्या चाचणीवरून नागरिकत्व काढण्याची सोय आपोआप झाली असती. ऑक्टोबर २०१७मध्ये घटनात्मक न्यायालयाने कायदा रद्द केला.

आणि हंगेरीत २०१२मध्ये कट्टर उजव्या पक्षाच्या एका लोकप्रतिनिधीला एका कंपनीने ‘रोमा (युरोपातला एक अल्पसंख्य समाज) किंवा ज्यू जनुकं नाहीत’ असं प्रमाणपत्र दिलं. जीनोममधल्या १८ जागा बघून! तीन अब्ज अक्षरांतल्या १८. तिथल्या वैद्यकीय संशोधन परिषदेने निषेध केला.

---

निमूट

१८च्या ऐवजी पूर्ण जीनोम वाचला असता तर सांगता आलं असतं का?

---

बेरीजवजाबाकी

नाही, आणि त्याला गणित आहे. दहा पिढ्या मागे तुमचे १,०२४ पूर्वज (काही नावं दोनदा येतील ते सोडा). पण एका पिढीत गुणसूत्रांचे तुकडे सरासरी ३३च्या आसपास ठिकाणीच अदलाबदल होतात, आईकडून जास्त आणि बापाकडून कमी. त्या हिशोबाने दहा पिढ्यांपूर्वीच्या लोकांकडून तुमच्यापर्यंत आलेले एकूण तुकडे भरतात साडेसहाशेच्या खाली. तुकडे पूर्वजांपेक्षा कमी, आणि काहींच्या वाट्याला दोन-तीन. म्हणजे वंशावळीतल्या जवळपास निम्म्या खऱ्या पूर्वजांचं एक अक्षरही तुमच्यात नाही. अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वीचा एखादा पूर्वज रोमा होता की नव्हता, जीनोम गप्प राहू शकतो. ‘नाही’ असं प्रमाणपत्र देताच येत नाही.

टक्केवारी देणाऱ्या घरगुती चाचण्यांचंही तेच. ‘३२ टक्के अमुक देश’ याचा अर्थ: तुमचे तुकडे आमच्या संदर्भ संचातल्या, त्या देशाचे चार आजी-आजोबा सांगणाऱ्या आजच्या लोकांशी जास्त जुळले. संच बदलला की तुमचा देश बदलतो. तुम्ही तेच असता.

---

तळटीप

असा एखादा शोधनिबंध हाती आला तर मी ज्या क्रमाने वाचतो तो लिहून ठेवतो. सारांश सोडून थेट पद्धतीचा भाग, त्यातही ‘कोणाला घेतलं’ हे आधी. आजी-आजोबांची अट आहे का, भाषा विचारली की जन्मस्थान की स्वतः सांगितलेली ओळख. मग मोजदाद: किती घेतले, कोणत्या गाळणीत किती गळले, शेवटी किती. हा आकडा पुरवणीत लपलेला असतो. मग अक्षांवर लिहिलेले टक्के. मग के किती आणि इतर के-ची चित्रं पुरवणीत दिलीत का. एकच दिलं असेल तर सावध. जुन्या हाडांचे नमुने आजच्या लोकांच्या अक्षांवर *टाकलेले* असतील तर ते मध्याकडे आकसतात, म्हणून ‘प्राचीन लोक मिश्र होते’ हे वाचन तपासून घ्यायचं. शेवटी सारांशातलं देशाचं नाव आणि पहिल्या तक्त्यातली गावांची नावं जुळतात का ते बघायचं.

---

खलबत्ता

माझी एक भर. ज्याच्याशी सगळे जीनोम ताडून बघतात तो संदर्भ जीनोम कोणाचा, हेही विचारा. आजही सर्वाधिक वापरला जाणारा आराखडा सुमारे ७० टक्के एकाच अनामिक माणसाचा आहे. १९९७मध्ये न्यू यॉर्क राज्यातल्या बफेलोच्या वर्तमानपत्रात जाहिरात देऊन बोलावलेल्यांपैकी तो एक. त्याचे पूर्वज आफ्रिका आणि युरोप दोन्हीकडचे असावेत असं त्याचाच डीएनए सांगतो.

यावर जपानने २०२१मध्ये तीन जपानी व्यक्तींपासून स्वतःचा संदर्भ बनवला, कोरियानेही आधी केला होता. वैद्यकीय फायदा खरा आहे, काही तुकडे नीट जुळतात. पण तीन माणसं ‘जपान’ ठरतात आणि ओकिनावाच्या बाजूचे लोक, जे २००८च्या ७,००० लोकांच्या विश्लेषणातही वेगळा ढग म्हणून दिसले होते, ते पुन्हा ‘संदर्भापासूनचं विचलन’ होतात.

२०२३चा पॅनजीनोम हा त्याला पर्याय: ४७ माणसं, ९४ प्रती, एका सरळ रेघेऐवजी फाटे फुटणारा आलेख. त्यात एखाद्या ठिकाणी सहा फाटे असतील तर सहाही समान, मुख्य कुठलाच नाही. अडचण अशी की रुग्णालयांतली निदानप्रणाली अजून सरळ रेघेवरच्या क्रमांकानेच बोलते, म्हणून आलेखावर मिळालेला फरक अहवालात लिहिताना पुन्हा त्या बफेलोच्या माणसाच्या पत्त्यावर आणावा लागतो. जे तुकडे त्याच्याकडे नव्हतेच त्यांना पत्ता काय द्यायचा, यावर सध्या डोकेफोड चालू आहे.